‘अधिक एकदा’ की ‘वजा दोनदा’?

नमस्कार बाई,
मी डिचोली तालुक्यातली. बी.कॉम. झालंय, म्हापशाला एका ऑफिसात हिशेब बघते आणि कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेची तयारी करते. टक्केवारी, व्याज, काळ-काम सगळं जमतं, पण तीन वर्तुळांची उदाहरणं आली की घोळ होतो. एका व्हिडिओत शेवटी ‘अधिक तिन्ही’ करायला सांगितलंय. क्लासच्या सरांनी दिलेल्या सूत्रात ‘वजा दोन गुणिले तिन्ही’ आहे. मी दोन्ही पाठ केली आणि आता कुठलं कुठे लावायचं तेच कळत नाही. परवाचं उदाहरण हे: गावातल्या १२० मुलांपैकी ६२ फुटबॉल खेळतात, ५० भजनाला बसतात, ४४ नाटकात काम करतात. २१ मुलं फुटबॉल आणि भजन दोन्हीत आहेत, १८ भजन आणि नाटकात, १६ फुटबॉल आणि नाटकात. ७ मुलं तिन्हीत. कशातच नसलेली किती? माझं उत्तर ३३ आलं, उत्तरसूचीत १२ आहे. सर म्हणतात आकृती काढू नका, वेळ जातो. आणि हे अधिक-वजा कोणी शोधून काढलं तेही सांगा, म्हणजे शिव्या कुणाला घालायच्या ते कळेल.
– एक वाचक, डिचोली

तुझी दोन्ही सूत्रं बरोबर आहेत. व्हिडिओवाला चुकलेला नाही, सरही चुकलेले नाहीत. दोघांच्या सूत्रात ‘दोन्हीत असलेले’ असा जो आकडा येतो, तो मात्र वेगवेगळ्या मुलांचा आहे, आणि हे दोघांपैकी कुणीच तुला सांगितलेलं दिसत नाही.

तुझ्या उदाहरणातली ती २१ मुलं घे. फुटबॉल आणि भजन दोन्हीत असलेली. त्यांच्यापैकी कुणी नाटकातही असेल का? प्रश्न त्याबद्दल काहीच बोलत नाही. म्हणजे असू शकेल, मनाई नाही. आणि जी ७ मुलं तिन्ही करतात ती फुटबॉल खेळतातच, भजनालाही बसतातच, तेव्हा ती या २१ मध्ये आलीच. तीच ७ मुलं १८ मध्येही आहेत आणि १६ मध्येही. २१, १८ आणि १६ मिळून ५५ होतात, पण या ५५ मध्ये ती सात जणं तीनदा मोजली गेली आहेत.

तू हिशेब बघतेस म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. एकच बिल तीन वह्यांत चढलं, तर एकूण बेरजेत ते तीनदा येणार. तुला ते एकदाच हवं असतं. तिन्ही कामं करणारा मुलगा म्हणजे असं बिल. ६२, ५० आणि ४४ यांची बेरीज १५६, त्यात तो तीनदा आला. आता ५५ वजा केलेस तर तो तीनदा वजा झाला. तीनदा घेतला, तीनदा काढला, म्हणजे हातात शून्य राहिलं! सात मुलं गावातून गायबच झाली. म्हणून ती परत आणायची, ‘अधिक ७’. १५६ वजा ५५ अधिक ७ म्हणजे १०८. निदान एका गोष्टीत तरी असलेली मुलं १०८, कशातच नसलेली १२. उत्तरसूची बरोबर आहे.

सरांचं सूत्र वेगळ्या आकड्यासाठी आहे. त्यात ‘दोन्हीत’ म्हणजे फक्त दोन्हीत, तिसऱ्यात नाही. तिथे २१ हा आकडा असता तर तो ‘फुटबॉल आणि भजन करणारी, पण नाटक न करणारी’ अशा मुलांचा असता. मग ५५ वजा करताना त्या सात जणांना कुणी हात लावत नाही. ती बेरजेत तीनदा मोजलेली तशीच पडून राहतात, हवीत एकदा, म्हणून ‘वजा दोनदा’. १५६ वजा ५५ वजा १४ म्हणजे ८७, आणि १२० मधून ८७ गेले की ३३. हेच तू केलंस. गणित चोख केलंस, पण ते दुसऱ्याच गावातल्या मुलांचं केलंस.

या जातीच्या उदाहरणांचा मला राग येतो तो एवढ्याचसाठी की चुकलं तर ते ओरडून सांगत नाहीत. तुझ्या अर्थानं सगळे भाग भरून बघ: फक्त फुटबॉल १८, फक्त भजन ४, फक्त नाटक ३. कुठेही उणे आकडा आला नाही, सगळं कसं नीटनेटकं. वर पर्यायांत ३३ हमखास ठेवलेला असतो, कारण पेपर काढणाऱ्याला ही चूक तोंडपाठ असते. तेव्हा उत्तर पर्यायांत सापडलं म्हणून ते बरोबर, असं इथे कधीही समजू नकोस.

आता आकृतीबद्दल. सरांचं म्हणणं मला मान्य नाही. सूत्र एका ओळीचं असतं हे खरं, पण कुठलं सूत्र हे ठरवण्यात तुझा जितका वेळ जातो तेवढ्यात तीन गोल काढून भरूनही होतात. सुबक काढायची गरज नाही, चपटे, वाकडे कसेही चालतील, फक्त एकमेकांवर आले पाहिजेत. आणि भरायला सुरुवात मधून करायची. बाहेरून आत यायला गेलीस की अडकलीस.

मध्ये ७ लिही. आता फुटबॉल-भजनाची पाकळी, म्हणजे हे दोन गोल एकमेकांवर येतात तो तुकडा. प्रश्न म्हणतो दोन्हीत २१. त्यातले ७ आधीच मध्ये बसलेत, म्हणून पाकळीत १४. तसंच भजन-नाटकाच्या पाकळीत ११ आणि फुटबॉल-नाटकाच्या पाकळीत ९. आता फुटबॉलचा पूर्ण गोल ६२ चा, त्यात १४, ९ आणि ७ म्हणजे ३० भरले, उरले ३२. ही फक्त फुटबॉलवाली. तसंच फक्त भजन १८, फक्त नाटक १७. सातही भागांची बेरीज कर: ३२, १८, १७, १४, ११, ९, ७. बरोबर १०८. एकही सूत्र लागलं नाही, आणि परीक्षक पुढे ‘नेमक्या दोन गोष्टी करणारी किती’ किंवा ‘भजन करणारी पण नाटक न करणारी किती’ असं काहीही विचारो, उत्तर समोर कागदावर आहे. पहिल्याचं ३४, दुसऱ्याचं ३२. सूत्रातून हे काढायला बस, म्हणजे कळेल.

प्रश्नात ‘फक्त’ आलं असेल, तर २१ सरळ पाकळीत लिहायचा, काही वजा करायचं नाही. सगळा फरक एवढ्यावर आहे: दिलेला आकडा पूर्ण पाकळीचा, की मधला तुकडा सोडून उरलेल्या पाकळीचा. म्हणून वाचताना पेन्सिल ‘फक्त’, ‘केवळ’, ‘नेमके’, ‘किमान’, ‘जास्तीत जास्त’ यांच्याखाली ओढायची. पेपर इंग्रजीत असेल तर ‘ओन्ली’, ‘एक्झॅक्टली’, ‘अ‍ॅट लीस्ट’ यांच्याखाली. ‘किमान दोन’ म्हणजे तीन पाकळ्या आणि मधला भाग. ‘नेमके दोन’ म्हणजे नुसत्या पाकळ्या. ‘जास्तीत जास्त एक’ असेल तर बाहेर उभी असलेली, कशातच नसलेली मुलंही धरायची. हे बऱ्याच जणांच्या ध्यानातच येत नाही.

कधी मधला आकडाच दिलेला नसतो, तोच विचारतात. मग मध्ये ‘क्ष’ लिहून त्याच वाटेनं जा. तुझ्याच उदाहरणात ७ लपवून ठेव आणि कशातच नसलेली १२ दिली आहेत असं धर. पाकळ्या होतील २१ वजा क्ष, १८ वजा क्ष, १६ वजा क्ष. फक्त फुटबॉल? ६२ मधून दोन पाकळ्या आणि मधला भाग काढ: उत्तर येतं २५ अधिक क्ष. फक्त भजन ११ अधिक क्ष, फक्त नाटक १० अधिक क्ष. इथे जरा थांब. मधली गर्दी वाढली की कडेचीही वाढते! पहिल्यांदा बघणाऱ्याला हे उलटंच वाटतं. पण पूर्ण पाकळ्यांचे आकडे (२१, १८, १६) ठरलेले आहेत, मधले वाढले की पाकळीत उरणारे कमी होतात. दोन पाकळ्यांतून एकेक जण गेला आणि मध्ये एकच आला, म्हणजे गोलातली एक जागा रिकामी, ती कडेला भरून निघते. हे एकदा हातानं करून बघितलंस तर ‘अधिक तिन्ही’ पुन्हा पाठ करावं लागणार नाही. सगळ्यांची बेरीज १०१ अधिक क्ष, आणि ती १०८ हवी, म्हणजे क्ष ७.

दुसऱ्या एका जातीत पाकळ्यांचे वेगवेगळे आकडे देतच नाहीत, आणि तिथे गोल काढून खरंच फायदा नाही. सरांचा सल्ला तिथे लागू पडतो. समज, २०० पर्यटकांपैकी ११० जणांनी जुन्या गोव्यातली चर्चेस पाहिली, ९५ जण मंगेशीला गेले, ८० दूधसागरला. प्रत्येकानं निदान एक ठिकाण पाहिलंय, नेमकी दोन पाहणारे ५५. तिन्ही पाहणारे किती? इथे माणसं आणि भेटी वेगळ्या मोज. भेटी झाल्या २८५, माणसं २००. ८५ भेटी जादा कुठून आल्या? एक ठिकाण पाहणाऱ्यानं जादा काहीच दिलं नाही. दोन पाहणाऱ्यानं एक जादा भेट दिली, तिन्ही पाहणाऱ्यानं दोन. म्हणजे ८५ मधून ५५ गेले, ३० उरले, आणि ते दोनदोन करून आले, म्हणून तिन्ही पाहणारे १५. नेमकं एकच पाहणारे २०० वजा ७०, म्हणजे १३०. ताळा करायचा तर १३० अधिक ५५ दुणे ११० अधिक १५ त्रिक ४५, बेरीज २८५. मला विचारशील तर तीन गटांच्या गणितातलं सगळ्यात कामाचं हत्यार हे आहे, आणि ते सूत्र म्हणून लक्षात ठेवायचीही गरज नाही.

मात्र या उदाहरणात ‘फक्त मंगेशीला गेलेले किती’ असं विचारलं तर सांगता येणार नाही, आणि का येणार नाही हे कळलं पाहिजे. तीन गोलांनी कागदाचे आठ भाग होतात, बाहेरचा धरून. आठही भाग भरायचे तर एकमेकांतून न निघणाऱ्या आठ गोष्टी माहीत लागतात. तुझ्या उदाहरणात मोज: एकूण एक, गट तीन, जोड्या तीन, तिन्ही एक. बरोबर आठ, म्हणून सगळं भरलं. पर्यटकांच्या उदाहरणात सहाच आहेत: एकूण, तीन गट, नेमके दोन, आणि बाहेर शून्य. म्हणून एक, दोन, तीन ठिकाणं पाहणाऱ्यांच्या बेरजा निघतात, एकेक भाग निघत नाही. ‘दिलेली माहिती पुरेशी आहे का’ असले प्रश्न येतात त्यांत अशी मोजणी करून ठेवावी. पण आठपेक्षा कमी आहे म्हणून लगेच ‘अपुरी’ वर खूण करू नकोस. विचारलेली गोष्ट कमी माहितीतही निघू शकते, आताच निघाली की.

कमीत कमी आणि जास्तीत जास्तवालं प्रकरण तू विचारलं नाहीस, पण आज ना उद्या ते समोर येईलच. चवथीचं उदाहरण घेऊ. वाड्यावरच्या १०० घरांपैकी ८० घरांच्या माटोळीला (गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीला) चिबूड होता, ७५ घरी सुपारीचा घोस, ७० घरी कांगलां ही रानफळं. तिन्ही असलेली घरं कमीत कमी किती? इथे आहे त्याच्याकडे बघू नकोस, नाही त्याच्याकडे बघ. चिबूड नसलेली घरं २०, घोस नसलेली २५, कांगलां नसलेली ३०. ही सगळी वेगवेगळी घरं निघाली तरी ७५च होतात. उरलेल्या २५ घरांत तिन्ही असणारच, त्याखाली जाता येत नाही. आणि जास्तीत जास्त? सगळ्यात लहान गट ७० चा, तो बाकी दोघांच्या पोटात पूर्ण बसू शकतो, म्हणून ७०. टक्क्यांत दिलं असेल तरी हेच, शंभर घरं समजायची आणि पुढे जायचं.

आता शिव्यांचं. गोलांचं खापर तू जॉन व्हेनवर फोडू शकतेस. केंब्रिजचा हा तर्कशास्त्री, त्यानं १८८० मध्ये एका लेखात ही आकृती मांडली. त्याच्या कॉलेजातल्या भोजनगृहाच्या खिडकीत रंगीत काचेचे तीन गोल बसवले आहेत, म्हणजे तिथल्या पोरांची जेवतानाही सुटका नाही. गोल काढून तर्क समजावण्याची रीत त्याआधी शंभरएक वर्षांपूर्वी स्विस गणिती ऑयलरनं वापरली होती, पण सगळे गट एकमेकांवर येऊन एकही शक्यता सुटणार नाही अशी मांडणी व्हेनची. अधिक-वजाच्या सूत्राला मात्र ती दोघं जबाबदार नाहीत. ते कधी इंग्रज गणिती सिल्व्हेस्टरच्या नावावर लावतात, कधी दानिएल ऑगुश्तु द सिल्व्हा यांच्या. हे द सिल्व्हा (१८१४–१८७८) पोर्तुगीज नौदलातले अधिकारी, आणि गणितीही. त्यांच्या १८५४ च्या प्रबंधात हे तत्त्व आहे, आणि तेव्हा आपल्याकडे पोर्तुगीजांचंच राज्य होतं. तेव्हा तुझ्या शिव्यांना थोडं ऐतिहासिक वजनही येईल. त्याही आधी फ्रेंच गणिती द मॉयव्हरनं संभाव्यतेच्या गणितात ही युक्ती वापरली होती, म्हणून पत्ता एकच असा नाही.

जाता जाता, चार गटांचं उदाहरण कुणी दिलं तर चार गोल काढायला बसू नकोस. चार वर्तुळांनी कागदाचे जास्तीत जास्त १४ भाग होतात आणि लागतात १६, म्हणजे दोन शक्यतांना घरच मिळत नाही. व्हेननं तिथे लंबवर्तुळं वापरली. परीक्षेच्या घाईत ते कुणाला जमणार? तक्ता करावा.

सरावाचं म्हणशील तर रोज नवी पन्नास उदाहरणं सोडवण्यापेक्षा हे एकच उदाहरण फिरवून फिरवून सोडव. आज ७ लपव, उद्या १८ लपव, परवा ५० लपव, मग ‘दोन्हीत’च्या जागी ‘फक्त दोन्हीत’ घाल आणि काय बदलतं ते बघ. बसमध्ये येता-जाताही होईल, आकडे तुला एव्हाना पाठ झालेच असतील. घड्याळ लावायची घाई नको, आधी प्रत्येक आकडा कागदावर कुठे बसतो ते बोट ठेवून सांगता आलं पाहिजे.

आणि हे एक तुझ्यासाठी. एका शाळेत ८० मुलं. वक्तृत्व स्पर्धेत ४६ कोंकणीतून बोलली, ३९ मराठीतून, ३५ इंग्रजीतून. ५ मुलं बोललीच नाहीत. किमान दोन भाषांतून बोललेली मुलं ३४. तिन्ही भाषांतून किती बोलली? गोल काढू नकोस, भाषणं आणि मुलं वेगळी मोज. उत्तर ११ यायला हवं. साडेपाच मुलं आली, तर ‘किमान’खाली पेन्सिल ओढायची राहिली.